हा पोरखेळ नव्हे!

जून महिना उजाडून मृगाच्या पहिल्या सरी आल्या की आमच्या शहरांत एक देखावा दरसाल दिसू लागतो, आणि तो आता इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही वावगे आहे असे कोणास वाटेनासे झाले आहे. धड तीन वर्षेही न भरलेली लेकरे गळ्यात ओळखपत्र, पाठीवर दप्तर आणि डोळ्यांत पाणी घेऊन शिशुवर्गाच्या दाराशी उभी असतात. चार महिने लोटतात न लोटतात तोच आईबाप एकमेकांस विचारू लागतात, "तुमचा किती लिहितो? आमची पन्नासपर्यंत लिहिते." ज्या बोटांत अजून सदऱ्याची गुंडी नीट लावण्याची ताकद आलेली नाही, त्या बोटांकडून पानेच्या पाने गिरवून घेतली जातात, आणि त्यालाच शिक्षण म्हणतात. इकडे भातुकलीची दुरडी माळ्यावर धूळ खात पडते, आजीची गोष्ट रात्री जेवणानंतर हातात येणाऱ्या भ्रमणध्वनीच्या पडद्याने गिळलेली असते, आणि मूल मातीत हात घालू लागले की "शी, घाण!" हा पहिला संस्कार त्याच्यावर होतो. 'पी हळद आणि हो गोरी' ही म्हण आमच्या पूर्वजांनी ज्या उतावीळपणास उद्देशून केली, तो उतावीळपणा लहान मुलांच्या शिक्षणात आज जितका बोकाळला आहे तितका दुसऱ्या कोणत्याही व्यवहारात बोकाळलेला आम्हांस दिसत नाही.

आमचे मत आरंभीच स्पष्ट सांगून टाकणे बरे. तीन ते सहा ह्या वयात गोष्ट ऐकणे, हाताने काही घडविणे आणि लुटुपुटूचा संसार मांडणे ह्या तीन गोष्टी शिक्षणाच्या मधल्या सुटीतील करमणुकी नव्हेत; त्या वयाचे शिक्षण म्हणजेच ह्या तीन गोष्टी होत. त्या मुलापासून हिरावून घेणाऱ्या शाळेने कितीही अक्षरे गिरवून घेतली तरी तिने मुलाचे देणे चुकविले असे होत नाही. हे आमचे म्हणणे केवळ भावनेचे नाही. ते विचाराच्या, अनुभवाच्या आणि कायद्याच्याही कसोटीस उतरते असे आम्ही पुढे दाखविणार आहो.

प्रथम भातुकलीच घ्या. चार मुले अंगणात बसतात. एक आई होते, एक बाबा, एक पाहुणा, आणि चौथ्याच्या वाट्यास बहुधा बाळाचे किंवा दुकानदाराचे काम येते. चुरमुऱ्यांचा भात होतो, पानांच्या पोळ्या होतात, पाण्याची आमटी होते. वरवर पाहणारास हा पोरखेळ वाटतो. पण नीट निरखून पाहिले तर तेथे एक संपूर्ण राज्यव्यवस्था चाललेली दिसते. कोणी काय व्हायचे ह्याचा करार होतो. करार मोडणारास खेळाबाहेर जावे लागते. खरी भूक लागलेली असूनही पाहुण्याने पान वाढेपर्यंत थांबावे लागते. बाळ झालेल्या थोराड मुलास, इच्छा असो वा नसो, मांडीवर निजावे लागते. ज्या मुलास आईने दहा वेळा सांगूनही पाच मिनिटे एका जागी बसवत नाही, तेच मूल 'पहारेकरी' झाले म्हणजे अर्धा तास हलत नाही. स्वतःच्या लहरीस नियमाचा लगाम घालण्याचे हे शिक्षण कोणत्या पाटीवर गिरवून मिळणार?

रशियातील मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की ह्यांनी १९३३ साली दिलेल्या एका व्याख्यानात ह्याच गोष्टीची फोड केली आहे. मूल काठीवर बसून तिला घोडा म्हणते तेव्हा ते वस्तूपासून तिचा अर्थ प्रथमच वेगळा करते. काठी काठीच राहते, पण मनात घोडा दौडू लागतो. ह्या क्रियेत मोठे ते काय, असे विचारणारांनी जरा पुढचा विचार करावा. 'क' हे चिन्ह काळ्या रेघेचे एक वळण आहे. त्याचा ध्वनी मानणे ही काठीला घोडा मानण्याचीच वरची पायरी होय. पाच हा आकडा म्हणजे पाच आंबे नव्हेत. पण तो आंब्यांच्या जागी उभा राहू शकतो हे ज्याला कळले त्यालाच गणित आले. तेव्हा लिपी आणि अंक ह्यांचा पाया काठीच्या घोड्यात आहे. घोड्यावर बसू न देता थेट अक्षरावर बसविण्याची घाई करणे म्हणजे पायाआधी कळस चढविणे होय.

आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत, आणि ते व्यवहारी माणसे असल्यामुळे त्यांना 'कल्पना' ह्या शब्दाचा तिटकारा असतो. त्यांना आम्ही एवढेच विचारतो की, आपला सारा व्यवहार कशावर उभा आहे? आपण ज्या नोटा तिजोरीत ठेविता तो कागद आहे; त्याला पाचशे रुपये मानावयाचे हे सर्वांनी मिळून ठरविले आहे म्हणून तो पाचशेचा. आपली कंपनी नोंदली गेली की कायद्याच्या दृष्टीने ती एक 'व्यक्ती' बनते. ती मालमत्ता धारण करते, फिर्याद लावते, कर्ज बुडविते. देवळातील मूर्तीस कायदा व्यक्ती मानतो. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलाने कलकत्त्याच्या मलिक घराण्याच्या वादात मूर्तीचे हितसंबंध स्वतंत्र आहेत आणि तिची बाजू ऐकून घेतली पाहिजे असे ठरविले, हे कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. आमच्या वकिलीच्या धंद्यात ह्याला 'विधिकल्पना' म्हणतात. पोरांच्या धंद्यात भातुकली म्हणतात. फरक इतकाच की, पोरांना आपण मानलेले खोटे आहे ह्याची शुद्ध असते, आणि मोठ्यांना ती पुष्कळदा नसते. जो समाज मुलांची कल्पनाशक्ती खुडून टाकतो, त्याने पुढे संस्था, पतपेढ्या आणि कारखाने काढणारी माणसे कोठून आणावी?

आता गोष्टींकडे वळू. अद्भुत गोष्टी मुलांस सांगाव्या की नाही हा वाद जुना आहे, आणि विरोध करणारी माणसे लहानसहान नव्हती. रूसोने १७६२ साली प्रसिद्ध केलेल्या 'एमिल' ग्रंथात ला फोंतेनची कावळा आणि कोल्हा ही बोधकथा ओळीओळीने तपासून, मुलाला तीतून नीती न मिळता कोल्ह्याची लबाडीच आवडेल असा निकाल दिला. डॉक्टर मारिया माँटेसोरी ह्या आधुनिक बालशिक्षणाच्या थोर आचार्या. १९३९ साली त्या मद्रासेजवळ अड्यार येथे आल्या, युद्धात इटालियन नागरिक म्हणून ब्रिटिश सरकारच्या नजरेखाली अडकून पडल्या, आणि त्या काळात त्यांनी ह्या देशातील शेकडो शिक्षक तयार केले. त्यांचे ऋण आपल्यावर मोठे आहे. पण सहा वर्षांखालील मुलांस परीकथा सांगणे त्यांस पसंत नव्हते. ज्या मुलास अजून खऱ्या जगाची ओळख व्हावयाची आहे, त्याच्या माथी मोठ्यांनी रचलेले खोटे जग मारू नये, असे त्यांचे म्हणणे. आमच्याकडील कित्येक सुधारकांचाही आक्षेप ह्याच जातीचा आहे: भुते, राक्षस, चेटकिणी ह्यांच्या गोष्टी सांगून आपण अंधश्रद्धेचे बी पेरतो, असे ते म्हणतात.

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परंतु तो खरा नाही. अंधश्रद्धा आणि अद्भुतकथा ह्यांत एक मर्मभेद आहे. "पिंपळाजवळ जाऊ नको, तेथे मुंजा आहे" असे सांगणारा मोठा माणूस मुलास फसवितो, कारण तो ते खरे म्हणून सांगतो आणि त्याच्या भीतीचा उपयोग आपल्या सोयीसाठी करून घेतो. "एक आटपाट नगर होते" असे म्हणणारी आजी फसवीत नाही. त्या पहिल्याच शब्दाने ती आणि मूल दोघेही उंबरठा ओलांडून एका मानलेल्या जगात जातात, आणि गोष्ट संपली की परत येतात. जाण्यायेण्याचा हा रस्ता ज्याच्या पायाखालचा झाला, तो पुढे कोणी बुवा खरे म्हणून खोटे सांगू लागला तर ते ओळखण्याचा संभव अधिक, कमी नव्हे.

ह्या वादात आपल्याच देशातील एका गृहस्थाचे उदाहरण आम्हांस फार मोलाचे वाटते, आणि ते गृहस्थ आमच्याच पेशातले होते म्हणून थोडा अभिमानही वाटतो. गिजुभाई बधेका हे काठेवाडातील वकील. मुलगा झाल्यावर त्याच्या शिक्षणाच्या विचाराने त्यांना पछाडले. त्यांनी वकिली सोडली, १९१६ साली ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले, आणि १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर उघडले. ते माँटेसोरीबाईंचे भक्त. पण डोळस भक्त. साधने त्यांची घेतली, गोष्टी मात्र सोडल्या नाहीत. उलट गोष्ट कशी निवडावी आणि कशी सांगावी ह्यावर त्यांनी गुजरातीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांच्या 'दिवास्वप्न' ह्या पुस्तकातील शिक्षक पहिल्या दिवशी वर्गात शांततेचा खेळ करावयास जातो आणि पुरता फजीत होतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो, आणि तीच गडबड करणारी मुले त्याच्याभोवती गोळा होतात. पुस्तकी पद्धत आणि ह्या मातीतील मूल ह्यांची गाठ कोठे पडते, हे ह्या एका प्रसंगात आले आहे. लोक त्यांना 'मिशाळ आई' म्हणत. पुरुषाला ह्याहून मोठी पदवी कोणती मिळावी?

मराठीत तर बालकथेची पुंजी जुनी आहे. तंजावरास सरफोजी राजांच्या आश्रयाने इसापाच्या गोष्टींचे मराठी रूप १८०६ साली छापले गेले, आणि १८२८ साली सदाशिव काशिनाथ छत्रे ह्यांची 'बाळमित्र' व 'इसापनीती' मुंबईत निघाली. म्हणजे आमच्या छापील गद्याच्या आरंभकाळातच मुलांच्या गोष्टी आल्या. त्याच्याही मागे घरोघरच्या तोंडी गोष्टी आहेत. मेणाचे घर असलेली चिऊ आणि शेणाचे घर असलेला काऊ ह्यांची गोष्ट घ्या. पाऊस येतो, काऊचे घर वाहून जाते, तो दाराशी येऊन दार उघडावयास सांगतो, आणि चिऊ बाळाला न्हाऊमाखू घालण्याची एकेक सबब सांगत राहते. मूल ही गोष्ट शंभर वेळा ऐकते, आणि पुढचे वाक्य ठाऊक असूनही, किंबहुना ठाऊक असल्यामुळेच, डोळे विस्फारून वाट पाहते. त्यात क्रम आहे, कारण आणि कार्य आहे, ताल आहे; बाळाच्या आंघोळीपासून निजण्यापर्यंतची साऱ्या घराची शब्दसंपत्ती आहे. दार उघडावे की नाही ह्याबद्दल मुलाने मांडलेला वाद ज्याने ऐकला, त्याला नीतिशिक्षणाच्या वेगळ्या तासाची गरज वाटणार नाही.

मात्र जुने ते सर्वच सोने असे म्हणणारांतले आम्ही नाही. सावत्र आई म्हटली की ती दुष्टच, काळी म्हटली की ती कुरूपच, राजकन्या म्हटली की तिने सोडवणाऱ्याची वाटच पाहावयाची, आणि अमक्या जातीचा म्हटला की तो मूर्खच, अशा गोष्टी आमच्या पेटाऱ्यात आहेत. तोंडी गोष्टीचा गुण हाच की ती प्रत्येक पिढीने सांगताना बदलत आली. आपणही ती बदलावी. राजकन्येला घोड्यावर बसवावे. भोपळ्यात बसून वाघाला चकविणारी म्हातारी आमच्याकडे आहेच, तिला पुढे आणावे. तीच गोष्ट खेळांची. मुलगी किल्ला बांधू लागली की तिला आत बोलाविणे आणि मुलगा भातुकलीत बसला की त्याला चिडविणे, ही दोन्ही पातके आमच्या घरांत रोज घडतात. जो मुलगा लहानपणी लुटुपुटूचे पान वाढतो तो मोठेपणी खरे पान वाढण्यास लाजणार नाही. आणि स्त्रीपुरुष-समतेचे जे काम शंभर व्याख्यानांनी होत नाही त्याचा आरंभ अंगणात फुकट होईल.

तिसरी गोष्ट हस्तकौशल्याची. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल ह्याने १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० साली तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. चेंडू, घन, नळकांडे असे लाकडी ठोकळे, कागदाच्या घड्या, विणकाम, माती, बागकाम हीच त्याची पाठ्यपुस्तके. असल्या निरुपद्रवी उद्योगास कोण विरोध करील? परंतु १८५१ साली प्रशियाच्या सरकारने ह्या बागांवर नास्तिकपणा आणि समाजसत्तावाद पसरविल्याचा आरोप ठेवून चक्क बंदी घातली. पुढल्याच वर्षी फ्रोबेल वारला, आणि बंदी उठली ती १८६० साली. इटलीतही मुसोलिनीच्या राजवटीत माँटेसोरी शाळा १९३४ साली बंद पडल्या. जुलमी सत्तेला मुलांच्या खेळाची भीती का वाटावी? कारण स्वतः नियम करून स्वतः पाळणारे मूल पुढे हुकमाचे ताबेदार होत नाही. हे त्या सत्ताधीशांना कळत होते; आम्हां स्वतंत्र देशातील आईबापांना मात्र अजून कळावयाचे आहे.

आमच्या सणवारांत ही विद्या किती सहज गुंफलेली होती! दिवाळीत पोरांनी माती कालवून, दगड रचून, पोत्याचा आधार देऊन किल्ला उभारावा, त्यावर अळीव पेरून रान करावे, बुरूज कोसळला की पुन्हा बांधावा. पोळ्याला आणि बेंदराला मातीचे बैल करावे. भोंडल्याला हत्ती काढावा. गौरी-गणपतीत आरास करावी. मातीत पाणी किती घालावे हे मुलाला कोणी शिकवीत नाही, भिंत ढासळली की मातीच शिकविते. ह्या शिकवणीत मार्क नाहीत, पण खोटेपणासही जागा नाही. आज तोच किल्ला प्लॅस्टरचा तयार विकत मिळतो, आणि बाप तो गाडीतून आणून गच्चीवर ठेवितो. मुलाच्या वाट्यास फक्त छायाचित्रात उभे राहणे येते.

ह्या अनास्थेच्या मुळाशी एक जुना रोग आहे, त्याचे नाव घेण्यास आम्ही कचरणार नाही. हाताने काम करणारा हलका आणि लेखणी चालविणारा थोर, ही जी जातिभेदाने आमच्या हाडीमासी खिळविलेली समजूत, तीच तीन वर्षांच्या मुलाच्या हातातून माती काढून पेन्सिल देते. कुंभार, सुतार, चांभार, विणकर ह्यांच्या विद्येस आम्ही विद्या मानले नाही, म्हणूनच ती मुलांच्या शाळेत येऊ दिली नाही. १९३७ साली वर्ध्यास गांधीजींनी हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षणाची योजना मांडली, तेव्हा सुशिक्षितांनी नाके मुरडली ती ह्याच समजुतीपायी. ज्या मुलाने स्वतः मडके घडवून मोडलेले पाहिले आहे, ते कुंभाराला कधी हलका म्हणणार नाही. तेव्हा मातीकाम ही करमणूक नव्हे, ती समाजसुधारणेची पहिली इयत्ता आहे.

ह्यावर काही लोक म्हणतील की, हे सर्व सुखवस्तूंचे चोचले आहेत. गरिबाच्या मुलाला अक्षर आधी हवे. ह्याचे उत्तर आमच्याच महाराष्ट्रात कृतीने दिले गेले आहे. ताराबाई मोडक ह्यांनी भावनगरास गिजुभाईंच्या बरोबर काम केले, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, आणि शहरातील बालमंदिरे श्रीमंतांपुरती राहतात हे पाहून १९४५ साली त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात बालवाडी काढली. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. पुढे ह्या दोघींनी कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम केले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, हा त्यांचा मार्ग. परदेशी महागड्या साधनांऐवजी शंख, शिंपले, बिया, खडे, पाने, माती हीच साधने. आज देशभर 'अंगणवाडी' हा जो शब्द चालतो त्यामागे ह्या अंगणाची पुण्याई आहे. गरिबाच्या मुलाला खेळ आणि गोष्ट परवडत नाही असे म्हणणारांनी कोसबाडचा इतिहास वाचावा.

परदेशातील अनुभवही ह्यास दुजोराच देतो. अमेरिकेत मिशिगन प्रांतातील इप्सिलांटी गावी १९६२ ते १९६७ ह्या काळात गरीब वस्तीतील १२३ मुलांचे दोन गट करून एका गटास बालशाळेचा लाभ देण्यात आला. मुलांनी स्वतः काय करावयाचे ते ठरवावे, ते करावे आणि मग काय केले ते सांगावे, हा त्या शाळेच्या पद्धतीचा कणा होता. ह्या दोन्ही गटांचा मागोवा पुढे त्यांची चाळिशी येईपर्यंत घेतला गेला. शाळेचा लाभ मिळालेल्यांचे शिक्षण अधिक झाले, त्यांची मिळकत अधिक होती आणि अटकेचे प्रसंग कमी होते. फिनलंड देशात सक्तीची प्राथमिक शाळा सातव्या वर्षी सुरू होते. म्हणून तो देश निरक्षर राहिला असे कोणी ऐकले आहे काय?

आता कायद्याकडे पाहू. १९८९ च्या आंतरराष्ट्रीय बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमात खेळ हा मुलाचा हक्क म्हणून नमूद आहे, आणि भारताने १९९२ साली ती संहिता मान्य केली. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या मुलांस शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहा वर्षांखालील मुलांसाठी मात्र ४५ व्या कलमात राज्याने 'प्रयत्न करावा' एवढेच म्हटले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे ११ वे कलमही तीन वर्षांवरील मुलांच्या पूर्वशिक्षणाची व्यवस्था सरकार 'करू शकेल' असे म्हणते. 'करील' असे म्हणत नाही. 'शकेल' आणि 'करील' ह्यांतील अंतर किती ते कोर्टाची पायरी चढलेल्यास सांगावयास नको. त्याच कायद्याच्या १३ व्या कलमाने प्रवेशासाठी मुलांची चाळणी लावणाऱ्या शाळेस पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. परंतु हा कायदा सहा वर्षांखालील शिशुवर्गाच्या प्रवेशास लागू होत नाही असा निर्णय दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २०१३ साली दिला. म्हणजे सहा वर्षांच्या मुलाची परीक्षा घेणे हा गुन्हा, आणि तीन वर्षांच्या मुलाची परीक्षा घेण्यास त्या कायद्याची आडकाठी नाही! प्राध्यापक यशपाल ह्यांच्या समितीने १९९३ सालीच शिशुवर्गाच्या चाचण्या आणि मुलाखती बंद कराव्या असे सांगून ठेविले होते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा एक सलग टप्पा मानून तेथे खेळावर आधारलेले शिक्षण सांगितले; २०२२ च्या पायाभूत स्तराच्या आराखड्याने त्या टप्प्यात परीक्षा अयोग्य ठरविली; २०२३ साली खेळणी, कोडी, बाहुल्या आणि गोष्टींची पुस्तके भरलेला 'जादुई पिटारा' निघाला. कागदावर तर सर्व ठीक आहे. पण धोरण हा सल्ला असतो आणि कायदा ही आज्ञा असते. सल्ला न मानणारास दंड नसतो.

आणि ह्या धोरणाचे ओझे ज्यांनी वाहावयाचे त्या अंगणवाडी सेविकांची स्थिती काय? २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हापासून आहार, वजन, लसीकरण, नोंदवह्या आणि पूर्वशिक्षण अशी सारी कामे ह्या बायांवर आहेत. आणि मोबदला पगार म्हणून नव्हे, 'मानधन' म्हणून मिळतो. त्यांस उपदान मिळण्याचा हक्क आहे एवढे ठरण्यास २०२२ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. जिने दिवसभर रकाने भरावयाचे तिने गोष्ट केव्हा सांगावी? तिच्या हातून वह्यांचा भार कमी केल्याशिवाय पिटाऱ्यातील जादू बाहेर येणार नाही.

शेवटी आमच्या व्यापारी बंधूंशी दोन शब्द. विदेशी खेळण्यांवरील जकात २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली आणि २०२३ साली ७० टक्के झाली; देशी खेळण्यांस ही संधी आहे. सावंतवाडीच्या चिताऱ्यांची लाकडी फळे आणि भातुकलीची भांडी, कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी ही आमची पिढीजात संपत्ती. दुकानाच्या दर्शनी फळीवर तिला जागा द्यावी. ती दया नव्हे, चांगला व्यापार आहे. पण एक गोष्ट विसरू नये: उत्तम खेळणे बहुधा विकत मिळत नाही. शिंप्याच्या दुकानातील चिंध्या, सुताराकडील लाकडाचे तुकडे, कापडाच्या दुकानातील पुठ्ठ्याची खोकी ही आपण रोज फेकून देता. तीच आठवड्यातून एकदा जवळच्या अंगणवाडीत पोहोचविली तर तेथे महाल, आगगाड्या आणि जहाजे उभी राहतील. ह्यास वर्गणी लागत नाही, फक्त एक हमाल लागतो.

आमच्या मागण्या थोडक्या आहेत. सरकारने शिशुवर्गातील मुलाच्या मुलाखतीस आणि परीक्षेस कायद्याने बंदी करावी, आणि ११ व्या कलमातील 'शकेल' काढून 'करील' घालावे. नगरपालिकांनी प्रत्येक सार्वजनिक वाचनालयात आठवड्यातून एक संध्याकाळ गोष्टीसाठी राखावी, आणि प्रत्येक उद्यानात 'गवतावर चालू नये' ह्या पाटीऐवजी मातीचा एक ढीग ठेवावा. शाळांनी सहा वर्षांखालील मुलास घरचा अभ्यास देऊ नये. आणि आईबापांनी, ह्यातले काहीही होण्याची वाट न पाहता, रोज रात्री पडदा बंद करून वीस मिनिटे आपल्या भाषेत एक गोष्ट सांगावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांस दिवसाकाठी पडद्यापुढे एका तासाहून अधिक बसवू नये, कमी बसविल्यास उत्तमच, असे सांगितले आहे. त्या वाचलेल्या वेळात काय करावे हे मात्र आमच्या आज्यांना कोणत्याही संघटनेने शिकवावे लागले नव्हते.

मुलगा मागे पडेल ही भीती सोडा. पन्नासपर्यंत आकडे चौथ्या वर्षी लिहिणारा आणि सहाव्या वर्षी लिहिणारा ह्यांतील भेद दहाव्या वर्षी कोणी ओळखू शकत नाही. पण ज्याचे अंगण चौथ्या वर्षी हिरावून घेतले, त्याला ते दहाव्या वर्षी कोणी परत देऊ शकत नाही. माळ्यावरची दुरडी आजच खाली काढा.